सीतेची वेणी घरी फुलवताना : वाचकांचे प्रश्न

सीतेची वेणी, म्हणजे ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा, हे सह्याद्रीतल्या झाडांवर मे-जूनमध्ये फुलणारं ऑर्किड. बाल्कनीत किंवा अंगणात ती लावू पाहणाऱ्यांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. ज्यांचे प्रश्न एकसारखे होते, त्यांना एकच उत्तर दिलं आहे.

भेट मिळालेली दोन फॅलेनॉप्सिस ऑर्किडं, फुलं गेल्यावर, सहा महिन्यांत मेली. आमची बाल्कनी अकराव्या मजल्यावर, पूर्वेकडे आहे. ऑर्किडचा नाद सोडावा, की एखादी सोपी जात आहे? (ठाणे)

नाद सोडू नका. फॅलेनॉप्सिस विकायला येतं तेव्हा त्याची मुळं बहुतेक वेळा कपात दाबून भरलेल्या मॉसमध्ये (शेवाळात) असतात. वर त्या कपाभोवती भोक नसलेली शोभेची कुंडी. ठाण्याच्या दमट हवेत ते मॉस आठ-आठ दिवस वाळत नाही, आतल्या मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. पानं मात्र स्वतःतल्या साठ्यावर महिना-दोन महिने टवटवीत दिसतात. ती सुरकुतली की आपण झाड तहानलं समजून आणखी पाणी घालतो, आणि उरलेली मुळंही जातात.

सीतेच्या वेणीत हा धोका फार कमी, कारण तिला कुंडी आणि माती लागतच नाही. झाडाच्या सालीवर उघड्या मुळांनी वाढणारं हे ऑर्किड आहे. सह्याद्री, हिमालयाचा पायथा, श्रीलंका, तिथून थेट फिलिपिन्सपर्यंत ते रानात सापडतं. आसाममध्ये ते कपौ फूल म्हणून ओळखलं जातं. ते तिथलं राज्यफूल आहे आणि बिहूच्या नाचात मुली ते केसांत माळतात. चांगल्या वाढलेल्या झाडाला फूटभर ते दोन फूट लांबीचा लोंबता घोस येतो. त्यात पांढऱ्यावर जांभळट गुलाबी ठिपक्यांची शंभरावर फुलं असू शकतात. आपला उन्हाळा, आपला पावसाळा आणि आपली कोरडी थंडी या क्रमानेच तिचं वर्ष चालतं. म्हणून महाराष्ट्रात पहिलं ऑर्किड कोणतं घ्यावं याला आमचं उत्तर हेच.

रोपवाटिकेत वाढवलेलं रोप घ्या, तेही फेब्रुवारी ते मे या काळात. नवी मुळं उन्हाळ्यात सुटतात, त्यामुळे पावसाआधी रोप लाकडाला धरतं. पानं २० ते ३० सेंटीमीटरची असतील तर रोप फुलायच्या वयाचं आहे. बोटाएवढं रोप स्वस्त मिळतं, पण त्याच्या फुलांसाठी तीन-चार वर्षं थांबावं लागतं. पानांपेक्षा मुळं बघून निवड करा. निदान तीन-चार मुळं चिमटीत दाबल्यावर टणक लागली पाहिजेत. चिमटीत सपाट होणारं मूळ मेलेलं असतं.

अकराव्या मजल्यावर वारा जोराचा असतो. एकाच हुकावर टांगलेलं रोप दिवसभर गरगर फिरतं, नव्या मुळांची टोकं घासली जाऊन वाढ थांबते. वर आणि खाली, दोन्हीकडे बांधून घ्या.

लाकडावर नेमकं बांधायचं कसं? नारळाच्या सोडणात लावलं तर चालेल का? (पुणे; रत्नागिरी)

लाकूड खडबडीत सालीचं आणि टिकाऊ हवं. साग, बाभूळ, खैर चांगले. आंब्याची फांदी रोपाला आवडते, पण तोडलेली फांदी दोन-तीन पावसाळ्यांत भुसभुशीत होते आणि तोवर मुळांनी तिला घट्ट धरलेलं असतं. निलगिरीची साल सोलून पडते, म्हणून ती नको. रंग, वॉर्निश किंवा वाळवीचं औषध लावलेलं लाकूडही नको. ३० ते ४० सेंटीमीटर लांब आणि मनगटाएवढी जाड फांदी पुरते.

रोप आधी १५ मिनिटं पाण्यात भिजवा. कोरडी मुळं वाकवली की मोडतात, भिजलेली जरा लवचीक होतात. मेलेली मुळं कापून टाका. कात्रीचं पातं आधी ज्योतीवर धरून थंड करून घ्या. मग रोप फांदीच्या बाजूला असं टेका की शेंडा बाहेरच्या बाजूला, किंचित खाली झुकलेला राहील. रानातही ती अशीच तिरकी वाढते, त्यामुळे पानांच्या बेचक्यात साठलेलं पाणी ओघळून जातं. शेंडा सरळ आभाळाकडे करून बांधलेली रोपं पावसाळ्यात कुजतात, त्यामागे बहुतेकदा हेच कारण असतं.

बांधायला जुन्या सुती साडीची पट्टी किंवा मासेमारीची नायलॉनची तंगूस वापरा. तांब्याची तार वापरू नका, तांबं मुळांना घातक ठरतं. दोरी बुंध्यावरून आणि जुन्या मुळांवरून घ्या, वाढत्या हिरव्या टोकांवरून कधीच नको. बांधल्यावर रोप हलता कामा नये. सैल रोप वाऱ्याने हललं की लाकडाला टेकू पाहणारं मुळाचं टोक दर वेळी सुटतं आणि पकड बसतच नाही. नवी मुळं लाकडाला चिकटून पुढे सरकली की दोरी काढा. बहुधा एक पावसाळा पुरतो.

नारळाचं सोडण रत्नागिरीच्या पावसात नको. ते पाणी धरून ठेवतं आणि दोन वर्षांत आतून कुजतं. शिवाय नव्या सोडणात क्षार असतात. वापरायचंच असेल तर आठवडाभर, रोज पाणी बदलत भिजवा. लाकडाऐवजी काही हवं असेल तर सागाच्या पट्ट्यांची १५ ते २० सेंटीमीटरची टोपली घ्या. त्यात लाकडी कोळशाचे तीन ते पाच सेंटीमीटरचे मोजके तुकडे टाका, पण टोपली भरू नका. तुकड्यांमधून बोट जाईल एवढी जागा राहिली पाहिजे. दगडी कोळसा आणि बार्बेक्यूसाठी मिळणाऱ्या दाबून केलेल्या विटा यासाठी चालत नाहीत.

नागपुरात मे महिन्यात ४४-४५ अंश तापमान असतं. अशा हवेत ही जगेल का? पाणी किती वेळा द्यायचं? (नागपूर, पाण्याविषयी अकोला, डोंबिवली आणि मडगावच्या वाचकांनीही विचारलं आहे)

जगते, पण मेहनत घ्यावी लागते. पाण्याचं गणित समजण्यासाठी आधी मुळं बघायला शिका. सुकं मूळ चांदीसारखं पांढरट दिसतं. वरचं ते आवरण म्हणजे मेलेल्या, पोकळ पेशींचे थर. पाणी पडताच ते पाणी शोषतं, पारदर्शक होतं आणि खालचा हिरवा रंग दिसू लागतो. म्हणून झारीची एक सर टाकून निघून जाऊ नका. एकदा भिजवा, पाच-दहा मिनिटं थांबा, पुन्हा भिजवा. सगळी मुळं टोकापर्यंत हिरवी झाली की पाणी पुरलं. मग ती काही तासांत परत पांढरी व्हायला हवीत. हे ओलं होणं आणि वाळणं रोज घडलं पाहिजे. दिवसभर हिरवी राहणारी मुळं हवेवाचून गुदमरतात, आणि दिवस-दिवस पांढरी राहिलेली मुळं आखडून वाढ थांबवतात.

यावरून वेळापत्रक असं बसतं. मुंबई, कोकण, गोव्यात मार्च ते मे रोज सकाळी एकदा. वारा जास्त असेल तर चारच्या सुमाराला पुन्हा. पुणे, नाशिककडे याच दिवसांत रोज दोनदा. पावसाळ्यात उघड्यावर असेल तर मधे दोन-तीन दिवस उघडीप पडली तरच. ऑक्टोबरच्या उकाड्यात पुन्हा रोज. डिसेंबर-जानेवारीत एक दिवसाआड, तेही ऊन वर आल्यावर.

विदर्भात उन्हाळ्यात तीन गोष्टी बदला. नेहमीच्या ५० टक्क्यांऐवजी ७५ टक्के सावलीची हिरवी जाळी लावा आणि दुपारचं ऊन अजिबात पडू देऊ नका. रोप लाकडाऐवजी टोपलीत ठेवा आणि कोळशावर काथ्याचा हलका थर द्या, म्हणजे ओल दोन-तीन तास जास्त टिकते. पाऊस सुरू झाला की हा काथ्या काढून टाका. टोपलीखाली ओल्या वाळूचा पसरट ट्रे आणि भोवती मोठ्या पानांच्या कुंड्या ठेवा. पाणी सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर. शिवाय आठवड्यातून एकदा रोप १५-२० मिनिटं बादलीत बुडवा, मात्र शेंडा पाण्याबाहेर ठेवून. भर दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं तापलेलं पाणी घालू नका. त्याने मुळांची टोकं भाजतात. कूलरचा झोत थेट रोपावर नको. त्याच खोलीच्या खिडकीत, झोताच्या बाजूला ठेवलं तर दमट हवेचा फायदा मिळतो.

अकोल्याच्या वाचकांनी बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ९०० आल्याचं कळवलं आहे. हे पाणी चालणार नाही. क्षार मुळांवर पांढरे साचतात आणि टोकं काळी पडतात. टीडीएस २०० च्या आत असावा. पावसाचं पाणी साठवा, किंवा आरओचं शुद्ध पाणी बोअरच्या पाण्यात मिसळून टीडीएस खाली आणा. आरओमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र कधीच देऊ नका. त्यात क्षार आणखी एकवटलेले असतात.

मुळं लाकूड सोडून हवेत फूटभर लोंबतात. कापू का? (सातारा)

नाही. ती तिची काम करणारी मुळं आहेत. पाणी घालताना त्यांनाही भिजवा.

खत कोणतं? शेणाचं पाणी, ताक, तांदळाचं धुवण चालतं का? (कोल्हापूर)

शेणाचं पाणी मातीतल्या झाडांना उत्तम, कारण मातीतले जीव ते कुजवून मुळांच्या उपयोगाचं करतात. उघड्या मुळांना ती सोय नाही. गाळ आवरणाच्या छिद्रांत बसतो आणि बुरशीला खाद्य मिळतं. ताक आणि धुवणही त्याच कारणाने नको.

कृषी सेवा केंद्रात मिळणारं पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेलं खत) घ्या. प्रमाण लिटरला अर्धा ग्रॅम. पिकांसाठी पाकिटावर लिहिलेलं प्रमाण याच्या कितीतरी पट असतं. ते दिलं तर मुळं जळतात. अर्धा ग्रॅम घरी मोजणं अवघड, म्हणून १० ग्रॅम खत एक लिटर पाण्यात विरघळवून बाटली अंधारात ठेवा आणि दर वेळी त्यातलं ५० मिली एक लिटर पाण्यात मिसळा. मुळं आधी साध्या पाण्याने हिरवी करून घ्या, अर्ध्या तासाने खताचं पाणी फवारा. मार्च ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पंधरवड्याने, डिसेंबर-जानेवारीत बंद. महिन्यातला एक आठवडा खत न देता फक्त भरपूर पाण्याने मुळं धुवा.

धरणाच्या पाण्यात कॅल्शियम कमी असतं. नव्या कोवळ्या पानाचं टोक काळं पडून वाळायला लागलं तर महिन्यातून दोनदा कॅल्शियम नायट्रेट लिटरला अर्धा ग्रॅम द्या. ते १९:१९:१९ सोबत एकत्र करू नका. दोन्हींच्या मध्ये दोन-तीन दिवस जाऊ द्या. एकत्र केल्यास फॉस्फेट आणि कॅल्शियमचा साका खाली बसतो आणि दोन्ही वाया जातात. फुलांसाठी म्हणून ०:५२:३४ या खताचा मारा करण्याची गरज नाही. फुलं कशाने येतात ते पुढच्या उत्तरात.

तीन वर्षं झाली. पानं गर्द हिरवी, लांब आणि तजेलदार आहेत, पण एकही फूल नाही. बाल्कनी उत्तरेकडे. (कोथरूड)

तुमच्या वर्णनातच उत्तर आहे. गर्द हिरवी, लांबट, मऊ लोंबणारी पानं म्हणजे उजेड कमी. फुलणाऱ्या वेणीची पानं पोपटीकडे झुकणारी, आखूड आणि कडक असतात. कडेला जांभळट ठिपके आले तर तिला उजेडाची कमाल मर्यादा मिळते आहे असं समजा. मोबाइलवर उजेड मोजायचं अ‍ॅप घ्या. सकाळी दहा-अकराला पानाच्या जागी २०,००० ते ३०,००० लक्स हवेत. अ‍ॅप नसेल तर पानावर फूटभर उंचीवरून हात धरा. सावली दिसावी, पण तिच्या कडा पुसट असाव्यात. उत्तरेच्या बाल्कनीत वर्षातले बरेच महिने सावलीच दिसत नाही.

पूर्वेची खिडकी, शेजाऱ्यांची गच्ची, सोसायटीच्या आवारातलं झाड, कुठेतरी सकाळचं तीन-चार तास ऊन मिळवा. एकदम उन्हात नेऊ नका. पहिला आठवडा तासभर, दुसरा दोन तास, असं वाढवत न्या. घाईने नेलं तर पानावर पांढरा, कागदासारखा डाग पडतो आणि नंतर काळवंडतो. तो पसरत नसेल तर ते उन्हाचं भाजणं, रोग नव्हे. पान कापू नका.

दुसरी अट थंडीची. डिसेंबर-जानेवारीत रात्री गार, दिवसा भरपूर उजेड आणि पाणी कमी, असे सहा-आठ आठवडे मिळाले की मार्च-एप्रिलमध्ये पानांच्या बगलेतून दांडा निघतो. ज्यांनी थंडी लागेल म्हणून रोप घरात दिव्याखाली ठेवलं आणि रोज पाणी घातलं, त्यांच्याकडे झाड निरोगी राहून फुलत नाही. पुण्याची थंडी तिला सोसते; रात्रीचं तापमान ८ अंशांच्या खाली जाणार असेल तेवढ्याच रात्री आत घ्या.

दांडा की मूळ, हे पहिल्या आठवड्यात ओळखता येत नाही. मुळाचं टोक गोल, गुळगुळीत आणि चकचकीत असतं. दांड्याचं चपटं, त्यावर बारीक खवले दिसतात. दांडा दिसल्यावर रोपाची जागा आणि तोंड बदलू नका. दांडा वाढताना उजेडाची दिशा बदलली तर घोस वेडावाकडा होतो, आणि या काळात मुळं वाळली तर कळ्या पिवळ्या पडून गळतात. फुलं पूर्ण उमलल्यावर मात्र खुशाल दिवाणखान्यात आणा. दोन-तीन आठवडे टिकतात.

ऑगस्टमध्ये मधलं कोवळं पान ओढताच हातात आलं, बुंध्याशी काळं-चिकट झालं आहे. झाड गेलं का? (पनवेल)

शेंडा गेला, झाड कदाचित नाही. वेणीला एकच शेंडा असतो आणि तो कुजला की वरची वाढ कायमची थांबते, म्हणूनच पाणी तिथे साचू द्यायचं नसतं. सडलेला सगळा भाग निर्जंतुक पात्याने, आत स्वच्छ पांढरा-हिरवा गर दिसेपर्यंत कापा. जरा काळं राहिलं तर दोन दिवसांत खाली उतरतं. कापल्या जागी दालचिनीची पूड दाबा. मुळांवर ती पडू देऊ नका, मुळं वाळतात. कार्बेन्डाझिम आणि मॅन्कोझेब एकत्र असलेली बुरशीनाशकाची भुकटी लिटरला २ ग्रॅम घेऊन हातमोजे आणि मास्क घालून एकदा फवारा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. घाण वास येत असेल तर सड जिवाणूंची आहे. तिथे हे औषध उपयोगी नाही. कापणं, कोरडं ठेवणं आणि वारा हाच उपाय. चार-पाच दिवस पाणी बंद. खालची दोन-तीन पानं आणि मुळं टणक असतील तर काही महिन्यांत बुंध्यातून बाजूचा फुटवा येतो. टाकून देऊ नका.

मोकळ्या वाऱ्यात सलग पाऊस वेणीला बाधत नाही. काचा लावलेल्या बाल्कनीत, जिथे पाणी झिरपतं पण हवा हलत नाही, तिथे बाधतो. तिथे जून ते सप्टेंबर रात्री मंद पंखा चालू ठेवा.

पावसाळ्यातच गोगलगायी मुळांची हिरवी टोकं खातात. टोक गेलं की ते मूळ पुढे वाढत नाही. रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन वेचा. पानांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण दिसले तर कापसाला सॅनिटायझरचं नव्हे, साधं ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. मग आठवड्याने निंबोळी तेल ५ मिली आणि भांडी घासायचा पातळ साबण १ मिली एक लिटर पाण्यात मिसळून संध्याकाळी फवारा. मुंग्यांची रांग दिसली की आधी ढेकूण शोधा.

आमच्या आंब्यावर ही पिढ्यान् पिढ्या आहे. गडी म्हणतो बांडगूळ आहे, तोडून टाकतो. (कुडाळ)

तोडू देऊ नका. बांडगूळ आंब्याच्या फांदीत मुळं घुसवून रस ओढतं, त्याची फांदी पुढे वाळते. वेणीची मुळं सालीच्या वरच राहतात. पाऊस, धुकं आणि सालीवरचा पालापाचोळा एवढ्यावर ती जगते. ओळखायचं असेल तर जोडाकडे बघा. बांडगुळाच्या जोडावर फांदीला गाठ आलेली असते, वेणीची मुळं साल न फोडता वरून पसरलेली दिसतात. एकच काळजी घ्या : मोहोरावर कीटकनाशक किंवा बुरशीनाशक फवारताना ती फांदी वगळा, विशेषतः बोर्डो मिश्रण, कारण त्यात तांबं असतं.

घाटात रस्त्याकडेला वेणीची रोपं विकायला ठेवतात. घ्यावीत का? (बेळगाव, कराड)

घेऊ नका. राखीव जंगल आणि अभयारण्यातून झाडं काढणं गुन्हा आहे. शिवाय सालीवरून ओरबाडताना जवळजवळ सगळी मुळं तुटतात, त्यामुळे अशी रोपं वर्षभर रेंगाळून मरतात. विकली जातात म्हणून ती आणखी ओरबाडली जातात, आणि एका फांदीवर फुलायच्या वयाला येणाऱ्या वेणीला त्यासाठी बरीच वर्षं लागलेली असतात. वादळात मोडून पडलेल्या फांदीवर वेणी दिसली तर तिथल्याच जवळच्या झाडाला, सावलीच्या बाजूने, सुती पट्टीने बांधून ठेवा.

मुलगी सिंगापूरला असते. तिच्यासाठी रोप सामानातून नेता येईल का? (नाशिक)

नाही. काही जाती पहिल्या परिशिष्टात आहेत, त्या सोडल्या तर सगळी ऑर्किडं, हीसुद्धा, साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय रोप नेलं तर विमानतळावर जप्त होतं. हीच जात त्या भागातही रानटी वाढते. तिने तिथल्याच रोपवाटिकेतून घ्यावी.

फुलं गेल्यावर दोन शेंगा धरल्या आहेत. बी पेरू का? (चिपळूण)

पेरून उगवणार नाही. हे बी धुळीसारखं बारीक, त्यात अंकुराला पुरेल असं अन्नच नसतं. रानात विशिष्ट बुरशी आत शिरून त्याला अन्न पुरवते. प्रयोगशाळेत हे काम साखर आणि क्षार घातलेल्या निर्जंतुक जेलीवर होतं. लुईस नडसन यांनी ही रीत १९२२ मध्ये दाखवली, आणि रोपवाटिकेतली रोपं आजही त्याच तत्त्वावर तयार होतात. घरच्या कुंडीत किंवा सालीवर बी शिंपडून रोप मिळण्याची आशा धरू नका. शेंग पिकायला महिनोन् महिने लागतात आणि तेवढे दिवस झाडाची ताकद तिकडे जाते. रोप लहान असेल तर दोन्ही शेंगा आत्ताच कापा. मोठं, सात-आठ पानांचं असेल तर एक ठेवायला हरकत नाही. दांडा मात्र पूर्ण वाळल्याशिवाय ओढून काढू नका, बगलेत जखम होते आणि पावसात तिथूनच सड सुरू होते.